‘उघाडी’चे तिसरे रीळ व माझी इतर मिळकत

मी, एलियाह रूबेन अष्टमकर, वय त्रेपन्न, धंदा रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्ती व सिनेमा दाखवणे, मूळ राहणार अष्टमी, तालुका रोहा, हल्ली राहणार पेण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणाला काय द्यायचे ते पुढे येईल. आधी जे मी विकत घेतले नाही आणि ज्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही, ते लिहून ठेवतो. दुकानदार गेला की त्याच्या दुकानातली प्रत्येक वस्तू भंगारात जाते, हे मी दुसऱ्यांच्या मागे पाहिले आहे.

रीळ गुंडाळायचे यंत्र मी शिलाई मशीनच्या दोन चाकांपासून केले. ते फिरताना टिटवीसारखा बारीक आवाज करते. तो दोष मला काढता आला असता, पण आवाज ऐकून रीळ सैल आहे की घट्ट ते कळते म्हणून ठेवला. तुटलेली फिल्म सांधायची पट्टी पितळी बिजागरीची आहे. ॲम्प्लिफायर माझा, त्यातला ट्रान्सफॉर्मरही मीच गुंडाळला. रिळांचे चार जस्ती डबे, झाकणे घट्ट बसणारी, माझे. पडदा मांजरपाटाचा, त्याचा लाकडी सांगाडा माझा. शिवण पत्नी साराची आहे, तेवढी वगळावी. प्रोजेक्टर जुन्या बाजारातून घेतला आहे, पण त्याच्या मोटरवरची पुली मी स्वतः लेथवर कातली. त्या पुलीमुळे प्रोजेक्टर किंचित जलद फिरतो आणि पडद्यावरचे चित्र व्हिडिओ कॅमेऱ्यात उतरवताना लुकलुकत नाही. ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही. माझे शिक्षण सातवी.

माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाविषयी मुंबईच्या डॉक्टरांचे मत वेगळे असून पुढच्या महिन्यात ते छाती उघडणार आहेत. डोक्याविषयी त्यांनी तक्रार केलेली नाही. हा लेख मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणारे येऊन गेले. त्यांची हकीकत योग्य जागी येईल.

कलम १. पेणमधील राहते घर, म्हणजे पुढे दुकान व मागे दोन खोल्या, माझी पत्नी सारा हिला. तिला मुलीकडे इस्राएलात जायचे आहे आणि इतकी वर्षे ती माझ्यामुळे गेली नाही. माझ्यानंतर तिने घर विकून जावे. कोणासही विकावे, माझे जुने मित्र हैबतराव यांनाही. मात्र त्यांच्याकडून बाजारभावाहून एक रुपयाही जास्त घेऊ नये. त्यांचे उपकार नकोत.

कलम २. पोस्टातली बचत साराला. त्यातून माझ्या दफनाचा खर्च करावा. दफन अष्टमीच्या आमच्या कबरस्तानात, आईच्या शेजारी. कद्दीश, म्हणजे आम्हा यहुद्यांची मृतासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. पेण-रोहे मिळून आमचे तेवढे लोक आता उरले आहेत की नाहीत, मला खात्री नाही. न जमल्यास कोणाला गाडी करून आणू नये. जे असतील त्यांनी उभे राहावे.

कलम ३. मिस्त्रीकामाची सर्व हत्यारे कोलाडचा नितेश यास. तो लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याने मला कॅमेरा महिनाभर वापरायला दिला आणि भाडे विचारले नाही. त्याच्या व्हिडिओत नवरा-नवरीच्या भोवती बदामाच्या आकाराची नक्षी फिरते, ती बंद करावी, अशी अट मी घालणार होतो. आमच्या वकील नूतनताई म्हणाल्या, “काका, असली अट कोर्टात टिकायची नाही.” म्हणून विनंती समजावी.

कलम ४. आता मुख्य मिळकत.

‘उघाडी’ नावाचा चित्रपट, सोळा मिलिमीटर, कृष्णधवल, मराठी, चार रिळे. सन १९७४ मध्ये मुंबईच्या चार-पाच तरुण मुलांनी पेणच्या खारेपाटात काढला. खाडीच्या बांधाला जे लाकडी दार असते त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात. ओहोटीला ते उघडून शेतातले पाणी बाहेर सोडते आणि भरती आली की आपोआप मिटते. त्या वर्षी कोणीतरी दारात ओंडका अडकवला, भरतीचे खारे पाणी भातात शिरले आणि जमीन नासली. नासलेली जमीन घ्यायला कंपनीचा दलाल दुसऱ्याच आठवड्यात हजर होता. पिच्चर त्या घटनेचा आहे. त्या मुलांचा टेपरेकॉर्डर बंद पडला तेव्हा मला बोलावले. मी तो बांधावर बसून चालू केला आणि पुढे शेवटपर्यंत आवाजाचे काम मीच पाहिले. सेन्सॉरने चित्रपट अडवला. मुलांनी एकुलती प्रत मला दिली व सांगितले, गावोगाव दाखव. त्यातला मुख्य मुलगा पुढे वारला, बाकीचे पांगले. निगेटिव्ह धुलाईच्या कारखान्यात पडून पडून नासली. म्हणजे जगात एकच प्रत, ती माझ्याकडे.

चित्रपटात दोन माणसे लक्षात राहतात. एक सरूताई. त्या कमरेएवढ्या पाण्यात उतरून दारातला ओंडका ओढून काढतात. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ हैबतराव. तिसऱ्या रिळात ते बांधावर उभे राहून बोलतात, ओंडका अडकवणाऱ्या दलालाचे नाव घेतात आणि शपथ घेतात. आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. पेण-रोहे रस्त्यावर ते पाट्यांवर पुरेसे लिहिलेले आहे.

हैबतराव माझे मित्र. मशीन मी उचलायचो, पडदा ते. एस.टी.च्या टपावर सामान चढवताना कंडक्टरशी भांडण करायचे काम त्यांचे. शनिवार आमचा शब्बाथ. त्या दिवशी मी मशीनला, पैशाला, लेखणीला हात लावत नाही. म्हणून शनिवारचा खेळ हैबतराव चालवायचे. फिल्म मशीनवर चढवायला मीच त्यांना शिकवले. मी प्रेक्षकांत बसायचो, आणि पडद्यावरचे हैबतराव बोलू लागले की मशीनमागचे हैबतराव खाली बघायचे. लाजायचे. पुढे शनिवारी दुकानही तेच उघडू लागले, कारण गिऱ्हाइकांचे रेडिओ अडकून पडत. त्यासाठी एक किल्ली कायमची त्यांच्याकडे दिली.

आणीबाणीत ते भूमिगत होते. परत आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “एलिया, रीळ कुठं होतं रं?”

मी म्हणालो, “होतं कुठंतरी.”

“पोलीस आलं न्हवतं?”

“आलं होतं. रेडिओ दुरुस्तीला.”

ते खूप हसले. विषय तेवढ्यावर राहिला.

त्यानंतर ते बदलत गेले, हे मला दिसत नव्हते असे नाही. आधी धाटावला कंपनीत कामगार पुरवायचा ठेका घेतला. मग जमिनींचे व्यवहार. पुढे ज्या दलालाचे नाव त्यांनी बांधावर घेतले होते, त्याच्याच मुलाशी भागीदारी केली. लोक मला विचारत, मी म्हणत असे, पोट असते माणसाला. कारण जीप आली, माणसे आली, तरी दर शनिवारी सकाळी हैबतराव स्वतः येऊन माझ्या दुकानाची फळी काढत आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसत. बाजारात हसायचे, “शेठ आज रेडिओवर बसलेत.” त्यांना त्याचे काही नव्हते. ही एक सवय आहे तोवर माणूस आपला आहे, असे मी धरून चाललो.

आता या वर्षीची गोष्ट. माझी मुलगी शीरा तिकडे इस्राएलात एका कॉलेजच्या वाचनालयात कॉम्प्युटर सांभाळते. तिने आणि तिच्या ओळखीच्या मुलांनी, त्यात एक कलकत्त्याचा आहे व एक केरळचा, आपल्या देशातले अडवलेले, दडवलेले, कोणी न सांभाळलेले चित्रपट इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली आहे. ज्याला पाहिजे त्याने उघडावे आणि बघावे. तिकीट नाही, वर्गणी नाही, परवानगी नाही. शीरा फोनवर म्हणाली, “पप्पा, तुमच्याकडे प्रत एकच आहे. आग लागली तर? मला व्हिडिओ करून पाठवा.” म्हणून पुली कातली, नितेशचा कॅमेरा आणला आणि काम सुरू केले. पुलीमुळे आवाज किंचित कोवळा येतो, पण तेवढे चालेल असे ठरवले.

आणि मी मूर्खासारखा सगळ्यांत आधी हैबतरावांना सांगितले. दुकानात, चहा घेताना.

ते म्हणाले, “म्हंजे मुंबैत बसून कोनीपन बघील?”

“मुंबईत कशाला, अमेरिकेत बसून.”

“फुकाट?”

“फुकट.”

“नि मागनं कुनी म्हनला, काढून टाका, तर?”

“एकदा लोकांनी उतरवून घेतलं की कोण काढणार?”

त्यांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, “लय मोठं काम केलंस एलिया.” मला अभिमान वाटला. तेव्हा त्यांची निवडणुकीच्या तिकिटासाठी बोलणी चालू होती, हे मी पेपरात वाचले होते. त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आले नाही.

पहिले, दुसरे आणि चौथे रीळ मी उतरवून घेतले. तिसरे मागे ठेवले, कारण गावोगावी तेच रीळ लोक पुन्हा पुन्हा लावायला सांगत आणि त्याची कडेची भोके फाटली होती. ती एकेक करून दुरुस्त केली आणि ऑगस्टच्या सहा तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी रीळ मशीनवर चढवले. एवढ्यात साराने आतून आवाज दिला, “अहो, दिवा लावतेय मी.”

शुक्रवारचा दिवा लागला की शनिवारी तारे दिसेपर्यंत आमचे हात बंद. रीळ उतरवून डब्यात घालणे हेही कामच. मी ते होते तसे मशीनवर सोडले, वर कापड टाकले आणि आत गेलो. जेवताना साराला म्हणालो, “उद्या हैबतराव आले की सांग, रिळाला धक्का लावू नका म्हणावं.”

ती म्हणाली, “त्यांना सांगायला हवं का? मशीन तुमच्याइतकंच त्यांना कळतं.”

शनिवारी सकाळी ते आले. फळी काढल्याचा आवाज मी मागच्या खोलीत ऐकला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून माझे गुंडाळायचे यंत्र वाजू लागले, तोच टिटवीचा आवाज. रीळ घट्ट, एकसारखे, न ओढता गुंडाळले जात होते. मी पलंगावर पडून ऐकत होतो आणि साराला म्हणालो, “बघ, न सांगता गुंडाळून ठेवतोय. माणूस विसरला नाही.”

संध्याकाळी तारे दिसल्यावर दुकानात गेलो. मशीनवरचे कापड नीट घडी करून ठेवले होते. रीळ नव्हते, तिसरा डबाही नव्हता. रिकाम्या चकतीवर दुकानाची किल्ली ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी धाटावला त्यांच्या कचेरीत गेलो. शिफ्ट सुटली होती, खोलीत दहा-बारा माणसे बसलेली. मी दारातूनच विचारले, “रीळ?”

“कुठलं रीळ?”

“तिसरं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. शेजारच्या माणसाला म्हणाले, “अरे, एलियाशेटना चहा सांगा.”

पंचवीस वर्षांत त्यांनी मला शेट म्हटले नव्हते. चोरी मी कदाचित विसरलो असतो. ते ‘शेट’ विसरणार नाही. मी चहा घेतला नाही.

पोलिसांत तक्रार केलेली नाही व माझ्या वारसांनीही करू नये. निवडणुकीचे तिकीट त्यांना मिळाले नाही, ही नोंद केवळ माहितीसाठी.

कलम ५. ‘उघाडी’ची शिल्लक तीन रिळे, त्यांची व्हिडिओ कॅसेट आणि इंटरनेटवर ठेवलेली प्रत यांविषयी.

मी कच्च्या मसुद्यात लिहिले होते, “सदर चित्रपट सर्वांस.” नूतनताईंनी पेन्सिलीने खूण केली. म्हणाल्या, “काका, वारसाला नाव लागतं. सर्वांस म्हणजे कोणाला?”

मी म्हटले, “ज्याला बघायचा आहे त्याला.”

“तो कोण?”

“ते मला कसं माहीत असणार? म्हणून तर सर्वांस.”

बराच वाद झाला. शेवटी त्यांनी मार्ग काढला, तो असा: चित्रपट माझी मुलगी शीरा हिच्याकडे विश्वस्त म्हणून राहील. तिने तो कोणालाही एकट्याला विकू नये, भाड्याने देऊ नये, बघण्याचे पैसे घेऊ नयेत, त्याला पासवर्ड लावू नये. कोणी उतरवून घेत असेल तर घेऊ द्यावा. कोणी मोठी संस्था किंवा वाहिनी “आम्ही नीट सांभाळू, पण फक्त आमच्याकडे ठेवा” असे म्हणाली, तर तिला नम्रपणे नाही म्हणावे. नम्रपणा जमला नाही तरी नाही म्हणावे.

शीराने विचारले होते, “पप्पा, दुसऱ्या रिळाला चौथं जोडून टाकू का? फारसं कोणाला कळणार नाही.” माझे उत्तर येथे कायमचे लिहून ठेवतो. जोडू नये. तिसरे रीळ जेवढे लांब होते तेवढा वेळ पडदा काळा ठेवावा. खाली फक्त लिहावे, “तिसरे रीळ सध्या उपलब्ध नाही.” ‘सध्या’ हा शब्द गाळू नये. कोणी नेले ते लिहू नये.

इंटरनेटवरची ही प्रत मी पेणमध्ये कॉम्प्युटर क्लासात पाहिली. सोबत हमरापूरहून सरूताईंना बोलावले होते. त्या लग्नानंतर तिकडेच असतात; सासरी गणपतीचा कारखाना आहे आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी आजही त्याच करतात. चित्र उतरायला इतका वेळ लागला की क्लासच्या मुली जेवून आल्या. उतरले ते पोस्टाच्या तिकिटाएवढे. सरूताईंनी चष्मा पुसला आणि काचेला नाक लावले.

“गो बाय! ही मी? येवडीशी?”

“तुम्हीच.”

“नि ह्ये आता आमेरिकेत दिसताय?”

“दिसतंय.”

“मग मेल्यांनी लुगडं तरी सुकवून दाखवायचं!” क्लासमधल्या सगळ्या हसल्या.

मग दुसरे रीळ संपले आणि पडदा काळा झाला. सरूताईंनी वरच्या पंख्याकडे पाहिले. म्हणाल्या, “लाईट गेली का?”

मी म्हणालो, “नाही. इथं तुमचा भाऊ होता.”

त्यांना मी तोवर काही सांगितले नव्हते. तेव्हा सांगितले. सगळा काळोख संपेपर्यंत त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत. तिथून बाहेर पडल्या त्या घरी न जाता, रोह्याची एस.टी. पकडून थेट धाकट्या भावाच्या दारात. पुढचे त्यांनी मला सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

“मी बोल्ली, हैबत्या, रीळ कुठाय? तं बोल्ला, ताय, तो बांधावरला हैबत्या मेला. मेल्याला कशाला दाखवताव? मी बोल्ली, जाळलास का? मंग बोल्ला, नाय. काडी पेटवली व्हती. जालता नाय आला. कपाटात हाय.”

यावरून मी पुढील कलम लिहीत आहे. तोपर्यंत मी त्यांना या कागदातून पूर्ण वगळणार होतो.

कलम ६. हैबतराव यांस.

(अ) माझ्या दुकानाची किल्ली, जी त्यांनी चकतीवर ठेवली, ती परत. सारा घर विकेपर्यंत ती चालेल.

(ब) प्रोजेक्टर, माझ्या पुलीसह, ॲम्प्लिफायर, पडदा व गुंडाळायचे यंत्र. सारा म्हणाली, “चोराला बक्षीस देताय?” बक्षीस नाही. त्यांच्या कपाटात रीळ आहे आणि ते बघायला त्यांच्याकडे मशीन नाही. रीळ बघितल्याशिवाय ठेवणे आणि फेकून देणे यांत मला फरक वाटत नाही. मशीन चालवता येणारा या दोन तालुक्यांत माझ्यानंतर तोच एक माणूस आहे. शिकवले मीच असल्यामुळे हे मी खात्रीने सांगतो.

अट अशी: माझ्या मृत्यूपासून एक वर्षाच्या आत त्यांनी तिसरे रीळ खारेपाटात बांधावर लोकांसमोर एकदा चालवावे व नितेशला कॅमेऱ्यात उतरवू द्यावे. तसे न केल्यास सर्व सामान हमरापूरच्या शाळेला जाईल. रीळ मागायला मात्र माझ्या वतीने कोणीही त्यांच्या दारात जाणार नाही. मी एकदा गेलो, तेवढे पुरे.

(क) रिळाची निगा. हे अटीत नाही, पण आजच वाचायला मिळाले तर बरे होईल. लोखंडी कपाट आपल्या हवेत घाम धरते. झाकण उघडल्यावर शिरक्यासारखा आंबट वास आला तर रीळ आंबू लागले आहे असे समजावे. मग फार तर दोन-तीन पावसाळे. डांबराच्या गोळ्या अजिबात ठेवू नयेत. तांदूळ कोरडे भाजून, गार करून, कापडी पुरचुंडीत बांधून डब्याशेजारी ठेवावेत आणि दर महिन्याला बदलावेत. डबा उभा ठेवू नये, आडवा ठेवावा. रीळ हातात घेताना फक्त कडा धराव्यात. हे सर्व हैबतरावांना माहीत आहे. माहीत असलेल्या गोष्टी माणूस विसरतो, हे मला या वर्षी कळले, म्हणून पुन्हा लिहिले.

त्यांचे भाषण मला पाठ आहे. ते मी येथे लिहून ठेवावे, म्हणजे रीळ गेले तरी शब्द राहतील, असे नूतनताईंनी सुचवले. मी नकार दिला. त्याचे पहिले वाक्य असे आहे: “ह्यो बांध आमच्या बापानी चिखलात उभं राहून घातलाय.” पुढचे ज्याचे त्याने बोलावे.

कलम ७. साराविषयी आणखी एक. ती अलीकडे दर शुक्रवारी दिवा लावताना म्हणते, “त्या दिवशी जरा उशिरा लावला असता तर.” हा दोष तिने स्वतःवर घेऊ नये. दिवा वेळेवर लागला होता. आमच्या घरात तो नेहमी वेळेवर लागला आहे आणि मशीन नेहमी अर्ध्यावर थांबले आहे; हे हैबतरावांइतके कोणालाच माहीत नव्हते. चूक दिव्याची नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. नूतन घरत, पेण, यांनी करावी. ते हैबतरावांच्या समक्ष, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, पुरवणीसह मोठ्याने वाचावे. ते आले नाहीत तर त्यांच्या कचेरीत जाऊन वाचावे. माणसे बसलेली असतील तर बसू द्यावीत.

सरूताईंना मी काही ठेवलेले नाही. त्यांना साक्षीदार व्हायचे होते आणि साक्षीदाराला काही ठेवले तर ते कायद्याने रद्द होते. हे मी त्यांना समजावले तेव्हा त्या म्हणाल्या, “मना काय नको एलियाभाव. मना सही करायची हाय.”

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मी वाचला, तो बरोबर आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तेथे माझी आद्याक्षरे आहेत. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मला वाटत होते की माझ्यामागे डबे कोणाकडे जातील हे ठरलेले आहे.

ठिकाण: पेण
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९९, रविवार

(सही) एलियाह रूबेन अष्टमकर

आमच्या दोघींच्या समक्ष लिहून देणाऱ्याने सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली:

१. (सही) सरूबाई गोविंदा पाटील, राहणार हमरापूर. डोळे आखणाऱ्या हाताची सही आहे. ती कोणाला खोटी म्हणता येणार नाही.

२. (सही) ॲड. नूतन घरत, राहणार पेण.

पुरवणी. त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमक्ष. तिघांच्या सह्या समासात आधीच केल्या आहेत, कारण हे लिहून झाल्यावर मला पुन्हा काही लिहायचे नाही.

सन १९७६ मध्ये, शीरा पाळण्यात असताना, साध्या कपड्यांतला एक अधिकारी आणि एका कंपनीचा माणूस माझ्या दुकानात आले होते. हैबतराव तेव्हा फरारी होते आणि पोलिसांकडे त्यांचा फोटो नव्हता. तिसऱ्या रिळात त्यांचा चेहरा आहे, आवाज आहे आणि बोलताना स्वतःचे नाव व गावही ते सांगतात. त्या दोघांना तेवढे एक रीळ हवे होते. बाकीची तीन माझ्याकडेच राहू द्यायला ते तयार होते. मी सांगितले की रीळ खाडीत बुडाले. त्यांनी दुकान उलथेपालथे केले. रीळ अष्टमीच्या आमच्या सिनेगॉगमध्ये होते. तेथे जीर्ण झालेली प्रार्थनेची पुस्तके फेकत नाहीत, दफन करेपर्यंत पेटीत ठेवतात. त्या पेटीत, त्या पुस्तकांखाली. आणीबाणी संपेपर्यंत ते तेथेच राहिले. हे मी हैबतरावांना कधी सांगितले नाही. मित्राला असले सांगायचे नसते, असे मला तेव्हा वाटत होते.

जाताना कंपनीच्या माणसाने रिळाच्या बदल्यात जे देऊ केले आणि मी नाकारले, ते असे: धाटावच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियनची कायमची नोकरी, राहायला क्वार्टर्स, आणि रोख रुपये ५,०००/-, अक्षरी रुपये पाच हजार मात्र.